मुद्दाम केलेल्या चुका

सावरवाडीच्या शाळेत चौथीला एकोणीस मुलं होती आणि त्यांत सगळ्यात कमी चुकणारी मुलगी होती दीपमाला राजानंद खरात. पहिलीत असताना तिची पाटी बघून काकासाहेब सर म्हणाले होते, "ही पोरगी जन्मजात हुशार आहे." ते वाक्य शाळा सुटायच्या आत गावात गेलं आणि तिला जे चिकटलं ते कायमचं. मंठ्याच्या बाजारात तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथं खिडकीची जाळी न्यायला आलेली माणसंसुद्धा विचारायची, "हीच का ती?" दीपमाला मान हलवायची. तिला त्याचं ओझं वाटत नव्हतं आणि फार कौतुकही नव्हतं. कुणाचे डोळे घारे असतात, तशी आपण हुशार, एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी शाळेत तृप्ती मॅडम आल्या. त्या मूळच्या जालन्याच्या, कुठल्याशा संस्थेत कामाला, आठवडाभर मंठ्यात खोली घेऊन राहिलेल्या. स्कुटीवर पुढं गुंडाळलेले दोन तक्ते, मागं बांधलेला खोका, तोंडाला ओढणी; तरी रस्त्याच्या फुफाट्यानं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. काकासाहेब सरांनी मुलांना सांगितलं, "या मॅडम आपल्याला दोन विषय शिकवणार आहेत. नीट ऐका. मलाबी नवेच आहेत ते."

पहिला तक्ता उघडला तर त्यावर एक गुलाबी, सुरकुतलेली वस्तू.

"फुलकोबी," मागून कुणीतरी म्हणालं.

"मेंदू," तृप्ती मॅडम म्हणाल्या. "आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो. आणि गंमत सांगू? तो वाढतो. पैलवानाचा दंड व्यायामानं वाढतो ना, तसा. आपण अवघड काम करतो, चुकतो, परत करतो, तेव्हा मेंदू वाढतो. म्हणून चुकायला घाबरायचं नाही. उलट कुणाची चूक झाली की आजपासून आपण टाळ्या वाजवायच्या."

मुलं खूश झाली. मॅडम पुढं म्हणाल्या, "काही लोकांना वाटतं, हुशारी जन्मतःच मिळते. तसं काही नसतं."

सगळा वर्ग वळून दीपमालेकडं बघायला लागला. काकासाहेब सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दीपमालेनं हात वर केला. "मॅडम, ज्याच्या चुकाच होत न्हाईत, त्याचा मेंदू?"

"चुका सगळ्यांच्या होतात, बाळा," मॅडम हसून म्हणाल्या आणि तक्त्यावरच्या दुसऱ्या चित्राकडं वळल्या.

हे काही उत्तर नव्हतं. दीपमाला खाली बसली आणि मनातल्या मनात हिशेब मांडायला लागली. जूनपासून आपण किती वेळा चुकलो? एकदा 'आशीर्वाद' लिहिताना, एकदा वजाबाकीत हातचा विसरून. बस्स. तिच्या शेजारी अक्षता बसायची, अंगद मोहितेची मुलगी. अक्षता एका दिवसात दहा वेळा चुकायची. तिच्या वहीत लाल शाई निळ्या शाईपेक्षा जास्त. दीपमालेनं तिच्या डोक्याकडं तिरप्या नजरेनं पाहिलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, मधोमध भांग. डोकं काही मोठं दिसत नव्हतं. पण आत काय असेल, कोणी पाहिलंय?

खिचडी खाऊन मुलं परत वर्गात आली तेव्हा दुसरा तक्ता लागलेला होता. त्याच्या एका बाजूला काळी खाण आणि धूर, दुसऱ्या बाजूला सूर्य, पवनचक्की आणि एक गोबरगॅसची टाकी.

"कोळसा जमिनीखाली कोट्यवधी वर्षांपूर्वी तयार झाला," मॅडम सांगत होत्या. "जेवढा आहे तेवढाच. आपण खणतो, जाळतो, एक दिवस तो संपणार. पण सूर्य रोज नव्यानं उगवतो, वारा रोज नव्यानं वाहतो. ती ऊर्जा संपत नाही. तिला म्हणतात अक्षय ऊर्जा."

"अक्षता ऊर्जा!" कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. अक्षता आधी लाजली, मग तिला ते आवडलं. घरी जाईपर्यंत ती मधूनमधून सूर्याकडं बघत होती, जसा काही तो तिच्या मामाच्या गावचा.

दीपमाला मात्र रस्त्याकडं बघत चालत होती. तिच्या डोक्यात सकाळचा तक्ता आणि दुपारचा तक्ता एकमेकांवर पडले होते आणि आता वेगळे होईनात. जन्मजात हुशार म्हणजे आधीच मिळालेली. आधीच मिळालेली म्हणजे कोळशासारखी. जेवढी आहे तेवढीच. चार वर्षं झाली आपण ती वापरून राहिलो, पाढे, कविता, नकाशे, सगळं त्याच्यातूनच जाळलं. आणि अक्षता रोज चुकते, म्हणजे रोज नव्यानं उगवते. म्हणजे पाचवीत, नाहीतर सहावीत, एक दिवस सर प्रश्न विचारतील आणि आपल्या डोक्यात नुसती राख असेल.

कोणाला विचारावं? मॅडमना विचारलं तर त्या हसल्या होत्या. सर म्हणाले होते, मलाबी नवंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून दीपमालेनं चुकायला सुरुवात केली.

ते वाटतं तितकं सोपं निघालं नाही. चुकायचं तर आधी बरोबर उत्तर माहीत पाहिजे, मग ते सोडून शेजारचं लिहायचं. तेरा सत्ते एक्क्याण्णव हे हाताला इतकं पाठ होतं, की ब्याण्णव लिहिताना पेन्सिल अडखळली. महाराष्ट्राची उपराजधानी तिनं परभणी लिहिली. घनसावंगी तालुक्याच्या कडेनं वाहणारी मोठी नदी कोणती, तर गोदावरी सोडून पूर्णा. दहात तीन चुका बऱ्या, असा तिनं अंदाज बांधला. सगळंच चुकलं तर कुणालाही संशय येईल.

संशय तरीही आलाच. काकासाहेब सरांनी वही दोनदा पाहिली, मुखपृष्ठावरचं नाव वाचलं, आणि परत आत पाहिलं.

"दीपमाला, बरं वाटत न्हाई का?"

"वाटतं, सर."

सरांनी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. बुधवारी पाच चुका झाल्यावर त्यांनी तिला पहिल्या ओळीत आणून बसवलं, फळ्यापासून दोन हातांवर. फळा तिला मागूनही स्पष्ट दिसत होता. पण दिसतं असं सांगितलं असतं तर मग चुका कशा झाल्या तेही सांगावं लागलं असतं. ती पुढं बसली आणि नाकात खडूची पूड घेत राहिली.

तिची आई बेबीनंदा अंगणवाडीत मदतनीस होती आणि घरी ब्लाउज शिवायची. त्या संध्याकाळी ती घरात आली तर दीपमाला शिलाईचा टेप डोक्याभोवती गुंडाळून आरशासमोर उभी.

"काय करून राह्यली गं?"

"माप घेऊन राह्यले."

"कशाचं?"

"डोक्याचं. साडेवीस इंच." जरा थांबून ती म्हणाली, "काल पावणेएकवीस होतं."

"काल तेल न्हवतं लावलेलं. आज केस चपचपीत बसलेत," आई म्हणाली. "टोपी शिवायची का तुला?"

दीपमालेनं टेप काढून ठेवला. एवढ्या चुका करून डोकं पाव इंच कमी झालं होतं, आणि त्याचं कारण खोबरेल तेल होतं की आणखी काही, हे तिला ठरवता येईना.

राजानंद दुकान बंद करून आला तोपर्यंत सरांचा फोन येऊन गेला होता. त्यानं हातपाय धुतले, मुलीला शेजारी बसवलं. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या बघून त्याचे डोळे लाल असायचे, त्यामुळं तो चिडला आहे की थकला आहे हे पटकन कळत नसे.

"सर म्हणले पोरगी चुकून राह्यली. कोणी काही बोललं का, बेटा?"

"न्हाई."

"मंग? डोळ्याला दिसतं ना बराबर?"

"दिसतं." तिनं नखानं चटईची काडी उचकटली. "पप्पा, तुमची चूक झाली की तुमचं डोकं वाढतं का?"

राजानंदनं बायकोकडं पाहिलं. बेबीनंदानं खांदे उडवले.

"माझी चूक झाली," तो विचार करून म्हणाला, "तर गिऱ्हाईक कमी होतं. डोक्याचं काय ते मला माहीत न्हाई. मागं एका खिडकीचं माप चुकल्तं माझं. चौकट भिंतीत जाईचना. मालक सगळ्यांसमोर बोलला. त्याच्यानंतर मी दोनदा मोजतो."

"मंग वाढलं ना डोकं?"

"काय की, बाई. मला तर बारीक झाल्यासारखं वाटल्तं."

तो विषय तिथंच राहिला. दीपमाला अंथरुणावर पडून विचार करत होती. मॅडम म्हणतात वाढतं. पप्पा म्हणतात बारीक होतं. दोघंही खोटं बोलणारी माणसं नव्हती.

गुरुवारी तृप्ती मॅडमनी सांगितलं की शनिवारी शाळेत ऊर्जा मेळावा होणार, पालक येणार, आणि चौथीची मुलं सूर्यचुली करणार. खोक्याला आतून चकचकीत कागद लावायचा, वर काच किंवा प्लॅस्टिक, झाकण तिरपं ठेवून ऊन आत टाकायचं, मधे भांडं. भिजवलेले तांदूळ आणि मूगडाळ त्यात शिजवायची. गट पाडले गेले. दीपमालेच्या गटात अक्षता आली. गट दोघींचाच, कारण चार-चारांचे चार गट पडल्यावर तिघं उरली आणि त्यांतला एक पोरगा मित्राच्या गटात गेला.

दीपमालेनं त्याच दिवशी चुकणं थांबवलं. वहीतली चूक वहीत राहते, पण मेळाव्याला सगळा गाव येणार होता. पप्पांनी दुकानातून खिडकीची खरी काच कापून दिली, कडा घासून. बाकीच्या गटांकडं नुसतं प्लॅस्टिक होतं. दीपमालेनं खोक्याचा कोपरान् कोपरा चकचकीत कागदानं मढवला, एक सुरकुती राहू दिली नाही. कागद उरला, तेव्हा ती भांडंसुद्धा मढवायला लागली.

"भांडं काळं करू ना गं," अक्षता म्हणाली.

"काऊन?"

"आमच्या पत्र्यावर पाण्याचा काळा ड्रम हाये. दुपारी त्याच्यात हात घालू देत न्हाई, एवढं तापतं पाणी. मागच्या साली बापूनं पांढरा आणल्ता, त्याच्यातलं पाणी थंडच राहायचं. आई लई बोलली बापूला."

"ड्रम वेगळा, चूल वेगळी," दीपमाला म्हणाली. "मॅडम काय म्हणल्या? चकचकीत कागदानं ऊन जास्त येतं. मंग जितका जास्त कागद तितकं जास्त ऊन. सोपं हाये."

अक्षतानं भांड्याकडं पाहिलं, मग दीपमालेकडं. तिच्या तोंडावर काहीतरी आलं आणि परत गेलं.

"तू म्हणतीस तर बराबर असंन," ती म्हणाली आणि कागदाचं दुसरं टोक धरलं.

शनिवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. शाळेच्या अंगणात पाच खोके एका ओळीत मांडले होते. हरभऱ्याची काढणी चालू होती तरी पंधरा-वीस माणसं वेळ काढून आली. अक्षताचे वडील अंगदसुद्धा डोक्याला उपरणं गुंडाळून आले, कुंपणाशी उकिडवे बसले. पाचांपैकी चार गटांनी पोषण आहार शिजवणाऱ्या झुंबरबाईकडून भांडी मागून आणली होती, चुलीवर चढून चढून बुडाशी आणि बाजूंनी काळीकुट्ट झालेली. त्या चार भांड्यांच्या रांगेत दीपमालेचं भांडं आरशासारखं लखलखत होतं. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडंच बघायचा.

"ही राजानंदच्या पोरीची असंन," कोणीतरी म्हणालं. "दिसतंच."

अकरा वाजता खोक्यांची झाकणं उन्हाकडं तिरपी करून ठेवली. एक वाजता काकासाहेब सरांनी घंटा दिली आणि तृप्ती मॅडम एकेक काच उचलायला लागल्या. पहिल्या खोक्यातून वाफ निघाली. दुसऱ्यात डाळ थोडी कडक होती, पण भात शिजला होता. तिसऱ्यातली खिचडी अंगदनं बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाला, "मीठ न्हाई, बाकी बराबर." चौथीही शिजली होती.

पाचव्या खोक्याची खरी काच उचलली, चकचकीत भांड्याचं चकचकीत झाकण काढलं. आत पाणी होतं आणि पाण्याच्या तळाशी डाळ-तांदूळ होते. फुगलेले, कच्चे. मॅडमनी बोट बुडवलं. "कोमट आहे," त्या म्हणाल्या.

"दीपमालाचा? बघा, बघा परत," काकासाहेब सर लगबगीनं पुढं आले. त्यांनी स्वतः बोट बुडवलं आणि ते सदऱ्याला पुसलं.

मागं कोणीतरी हसलं. फार वाईट हसणं नव्हतं ते. माणसं लग्नात नवरदेवाचा पाय घसरला की हसतात, तसलं. दीपमालेचे कान तापले. एवढं तापलेलं त्या अंगणात दुसरं काही नसेल.

तेवढ्यात तृप्ती मॅडमनी हात उंचावले. "अरे वा! इथं एक चूक झाली! काय करायचं आपण? टाळ्या!"

एकोणीस मुलांनी, म्हणजे तिला सोडून अठरांनी, टाळ्या वाजवल्या. पालकांनीही, काय चाललंय ते न कळता, वाजवल्या. राजानंद मंठ्याहून नुकताच येऊन फाटकाशी उभा होता. तोसुद्धा वाजवणार होता, मग त्यानं मुलीचं तोंड पाहिलं आणि हात खाली घेतले.

दीपमालेला काही सुधरेना. मंगळवार-बुधवार आपण मुद्दाम चुका गोळा केल्या. आता एक मोठी, आपोआप आलेली, न मागता मिळालेली चूक समोर पडली आहे. मग आनंद का होत नाही? डोकं वाढत असेल तर ते पोटात का दुखतंय? तिला वाटलं, वाढण्याची जागाच कदाचित चुकीची सांगितली असेल मॅडमनी.

"कागदाची कल्पना छान होती," मॅडम म्हणाल्या. "कोणाची होती?"

"दोघींची," अक्षता पटकन म्हणाली.

दीपमालेनं तिच्याकडं पाहिलं. अक्षता समोर बघत होती, सरळ, दोन्ही हात मागं बांधून, प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. एवढ्यावर गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. चूक अर्धी-अर्धी झाली असती.

"न्हाई," दीपमाला म्हणाली. "न्हाई मॅडम, माझी होती. ती म्हणत होती काळं करू. तिच्या घरच्या ड्रमाचं सांगत होती. मी ऐकलं न्हाई."

कुंपणाशी बसलेला अंगद एकदम उठला. "ड्रमाचं? हां, हां! पांढरा आणल्ता मी. अडीच महिने गार पाण्यानं आंघोळ केली सगळ्या घरानं!" आणि यावेळी माणसं मोकळी हसली, अंगदला. मॅडम वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. त्यांनी मुलांना समजावून सांगितलं, की चकचकीत पृष्ठभाग ऊन परत फेकतो, काळा ते पिऊन घेतो. म्हणून खोका चकचकीत पाहिजे आणि भांडं काळं. दीपमालेनं ते ऐकलं. तिला ते ताबडतोब समजलं, आणि इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही, हेच समजेना.

दोन वाजता मेळावा संपला. पालक शेताकडं गेले, मुलं पांगली. राजानंद जवळ आला, काचेच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला, "काच तर बराबर होती ना?" "काच बराबर होती, पप्पा." "मंग ठीक हाये. जल्दी ये घरी." आणि तोही गेला.

अंगणात दोघी उरल्या. अक्षतानं भांड्यावरचा कागद टराटरा सोलून काढला, भांडं घेऊन झुंबरबाईच्या चुलीपाशी गेली आणि चुलीच्या आतल्या काजळीत तेलाचा हात बुडवून भांड्याला चोळायला लागली. मनगटापर्यंत काळी झाली.

"आता काय करती?" दीपमालेनं विचारलं.

"शिजवती. तांदूळ वाया घालायचेत का?"

दोघींनी खोका पुन्हा मांडला. पण सूर्य आता उतरायला लागला होता. खोका दर थोड्या वेळानं सरकवावा लागत होता, शाळेच्या इमारतीची सावली पाठीमागून येत होती. सूर्य संपत नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. संपत नसेल, पण शाळेच्या अंगणातून तर जात होता. हेही एक विचारायचं राहून गेलं होतं.

बसल्या बसल्या दीपमालेच्या तोंडातून निघून गेलं. "मी ह्या आठवड्यात मुद्दाम चुकून राह्यले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे, उत्तर येत होतं. तरी चुकीचं लिहायची. डोकं वाढावं म्हणून."

अक्षता खोका सरकवायची थांबली. "परभणी मुद्दाम लिहिलं?"

"हां."

"पूर्णा नदी?"

"हां. तेरा सत्ते ब्याण्णवबी."

अक्षता काळ्या हातांनी जमिनीवर रेघा मारायला लागली.

"मला बरं वाटल्तं," ती म्हणाली. "तुला येईना झालं, ते बघून. मला वाटलं, दीपीलाबी येईना झालं. मंग मला येत न्हाई त्यात काय एवढं. घरी सांगितलं मी आईला." तिनं नाक ओढलं. "मी खरं बसते गं. रोज दिवा लावल्यावर बसते अभ्यासाला. तरी चुकतं. आणि तू मुद्दाम?"

दीपमालेनं याचा विचारच केला नव्हता. मेंदू, कोळसा, सूर्य, टेप, सगळ्याचा केला होता. चुका जिच्याकडून उसन्या घेतल्या त्या शेजारणीचा नाही. "माझं चुकलं," असं म्हणावं तर तो शब्द आठवडाभरात इतका वापरला होता की तो आता खरा वाटला नसता.

"तुझं डोकं वाढतं का गं?" तिनं शेवटी विचारलं. "चुकल्यावर?"

"काय की," अक्षता तिच्याकडं न बघता म्हणाली. "मला तर फकत झोप येते."

आणि ती पाठ फिरवून बसली. बराच वेळ दोघी तशाच बसल्या, एकीचं तोंड फाटकाकडं, एकीचं खोक्याकडं. खोका सरकवायची वेळ झाली की दीपमाला एकटीच तो उचलायची, पण काच जड होती आणि खोका एका बाजूला कलायचा. तिसऱ्या वेळेला अक्षतानं उठून दुसरी बाजू धरली.

साडेचारला त्यांनी भांडं उघडलं. यावेळी वाफ होती, थोडीशी. भात वरून मऊ झाला होता आणि आत दाताखाली कचकच वाजत होता. झुंबरबाईनं मीठ आणि कांद्याची फोड दिली. दोघींनी एकाच ताटलीत खाल्लं. चव चांगली नव्हती, पण दोघींनाही भूक लागली होती.

"बापूला ठेवू का थोडा?" अक्षतानं विचारलं.

"नको," दीपमाला म्हणाली. "पोट बिघडंन त्यांचं."

अक्षता हसली का खोकली, ते नीट कळलं नाही.

सोमवारी तृप्ती मॅडम आल्या नाहीत. त्यांचा आठवडा संपला होता आणि त्या टेंभुर्णीकडच्या कुठल्या शाळेत गेल्या, असं सरांनी सांगितलं. दीपमालेनं विचारायला तीन प्रश्न तयार ठेवले होते. ते तसेच राहिले. तिनं सरांकडं जाऊन सांगितलं की मला फळा मागूनही दिसतो, आधीही दिसत होता. सरांनी तिच्याकडं चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. "जा तुझ्या जागेवर," एवढंच म्हणाले.

ती अक्षताच्या शेजारी येऊन बसली. अक्षतानं दप्तर थोडं आत ओढलं, जागा झाली.

त्या दिवशी सरांनी अपूर्णांकांची बेरीज काढली, खालचे आकडे वेगवेगळे असलेली. दीपमालेनं पटकन वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, उत्तराखाली दोन रेघा मारल्या. सरांनी लांबूनच मान हलवली, नाही म्हणून. तिनं परत पाहिलं. तिला चूक सापडेना. ती मुद्दाम केलेली नव्हती, त्यामुळं कुठं ठेवली ते आठवणारही नव्हतं.

तिनं अक्षताच्या वहीत डोकावलं. तिचं उत्तर भलतंच होतं.

"तुझंबी चूक हाये," दीपमाला कुजबुजली.

"मला माहीत हाये," अक्षता म्हणाली. "पण हे खालचे आकडे असे सरळ मिळवता येत न्हाईत. ते सारखे करावे लागतात आधी. ते कसे करायचे ते मला येत न्हाई."

"काऊन सारखे करायचे?"

"अर्धी भाकर आणि पाव भाकर मिळून दोन तुकडे म्हणशील का तू?"

दीपमालेनं वहीकडं पाहिलं, अक्षताकडं पाहिलं, परत वहीकडं. डोक्यात सगळं गढूळ झालं होतं. तरी तिनं खोडरबर घेतलं, दोन रेघा पुसल्या आणि वहीच्या कडेला एक गोल काढला.

"ही भाकर," ती म्हणाली. "आता दाखव."